करंजाखालच्या दोन सऱ्या

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, त्यांची संतती, आणि फळ्यावर काढायचा चार घरांचा चौकोन. हा धडा मी आठ वर्षं शिकवला. मुलांना तो आवडतो, कारण पाठांतर कमी आणि गणित सोपं. "म्हंजे मॅडम, आईबाप दोघं उंच असली तरी पोरगं बुटकं हुतंय?" असं दरवर्षी एक तरी जण विचारतो आणि सगळा वर्ग पहिल्या बाकावरच्या बुटक्या पोराकडं बघून हसतो. मीही हसायचे. चार घरांतलं एकच घर तसं, असं म्हणून त्या घरावर खडूनं फुली मारायची मला सवय होती.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच की बाई शिकलेली होती ना? होते. बी.एस्सी., बी.एड., दोन्ही पहिल्या वर्गात. पण शिकलेल्या बाईचं शिक्षण घरात शिरताना चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर राहतं, आणि सकाळी शाळेला निघताना ती ते परत पायात घालते. माझं तरी तसंच होतं.

माझं लग्न मामाच्या मुलाशी झालं. आमच्याकडं यात कुणाला नवल वाटत नाही, उलट मामाचा मुलगा असताना बाहेर दिली तर भावकी विचारते की काय बिनसलं. लहानपणी मे महिन्यात मी कसबा बावड्याला मामाच्या शेतावर राहायला जायचे तेव्हा घरातली माणसं त्याला चिडवायची, "बायको आली रं तुझी." तो लाजून गोठ्यात पळायचा आणि मी त्याच्या मागं चिखलाचे गोळे मारत जायचे. लग्नानंतर चारचौघांत मी त्याला अहो म्हणायला लागले, खोलीत मात्र अरेच राहिलं. मामा मामाच राहिले. सासऱ्याला काय हाक मारायची हे ज्या सुनेला शिकावं लागलं नाही ती मी.

या लग्नाचं आईला फार अप्रूप होतं. तिला एकच भाऊ आणि त्याला एकच बहीण. "आम्ही दोघंच की," असं ती येताजाता म्हणायची. दोघंच असल्यामुळं दुरावायला नको, म्हणून पोरगी भावाच्या घरात. तिचे आईवडीलही नात्यातलेच होते. मधली एक पिढी तेवढी बाहेर गेली होती, म्हणजे माझे वडील लांबच्या गावचे आणि मामी सीमेपलीकडची. माझ्या लग्नानं ते परत जागेवर आलं, असं आईला वाटायचं.

मामाच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक करंज आहे. बाकी सगळं रान उसाचं, पण करंजाखाली कुणी काही लावत नाही. उसाच्या सऱ्या तिथवर येतात आणि अलीकडंच थांबतात. आम्ही पोरं तिकडं गेलो की मोठी माणसं बांधावरून ओरडायची, "तिथं जायाचं न्हाय, जनावर असतंय." मी कितीदा तरी लांबून वाकून बघितलं होतं. साप कधी दिसला नाही.

मुलगी झाली तेव्हा पेढे वाटायचे की जिलेबी यावर घरात बराच काथ्याकूट झाला. मामांनी दोन्ही आणलं. पोरगी गोरी, शांत. फार शांत. मामी कौतुकानं सांगायची, "रडतच न्हाय वो पोरगी, लई गुणाची." रडायला लागतो तेवढा दमच तिच्यात नव्हता, हे आम्हाला नंतर समजलं.

चौथ्या महिन्यात ती दूध पिताना थकायला लागली. चार घोट घ्यायची, सोडायची, धापा टाकायची, परत तोंड लावायची. बाहेर जानेवारीची थंडी, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब. मामी म्हणाली, कपडे जास्त घालता तुम्ही. आई तेव्हा तिथंच होती. पदर घेऊन तिनं ते कपाळ पुसलं, आणि पुसून झाल्यावरही बघत राहिली. ती जरा जास्तच वेळ बघत होती हे मला तेव्हाही दिसलं होतं, पण आजी नातीकडं बघते त्यात काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही.

राजारामपुरीत लहान मुलांच्या हृदयाची एक डॉक्टर बसायची. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला साधी. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता आणि जिन्यात कायम पोरांच्या चपलांचा ढीग असायचा. तिनं इको केला, बराच वेळ केला, मग खुर्ची आमच्याकडं वळवली. हृदय म्हणजे शेवटी स्नायू, ती म्हणाली. तुमच्या मुलीच्या हृदयाचा स्नायू ढिला पडलाय. कप्पा फुगलाय, त्यामुळं तो आवळून रक्त पुढं ढकलू शकत नाही. म्हणून धाप, म्हणून घाम. दूध पिणं हेच या वयाच्या बाळाचं सगळ्यात कष्टाचं काम, त्यामुळं आजार तिथं आधी दिसतो.

मग तिनं एक कोरा कागद घेतला आणि आमचं कुटुंब काढायला लागली. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. माझा गोल आणि नवऱ्याचा चौकोन यांच्यामध्ये तिनं एकाऐवजी दोन रेघा मारल्या. दोन का, असं मी विचारलं. नात्यातलं लग्न असलं की दोन मारतात, ती म्हणाली. मग तिनं आई आणि मामांकडं बघितलं. ते दोघंही आमच्याबरोबर आले होते, फाईल मामांच्या हातात होती.

"मागच्या पिढीत कुणाचं लहान मूल गेलंय का? अगदी तान्हं? नीट आठवून सांगा, यावर बरंच अवलंबून आहे."

"न्हाय वो," आई म्हणाली. "आम्ही दोघंच भावंडं. मी आणि ह्यो."

"आमच्या घराण्यात हार्टचं काय न्हाय बघा डॉक्टर," मामा म्हणाले. "माझा बाप नव्वदीत गेला. शेवटपातूर उसाचा भारा उचलत हुता."

डॉक्टरनं आई आणि मामांचे दोन आकार काढले आणि त्यांच्या शेजारी काही काढलं नाही. आई-मामांच्या तोंडावरची एक रेघ हलली नव्हती. आता मला त्याचं कारण कळतं. हा प्रश्न आमच्याकडं डॉक्टर विचारत नाहीत, स्थळ बघायला आलेली माणसं विचारतात, चहा पिता पिता, फिरवून. त्याचं उत्तर आमच्या घरात एकच आहे, आणि ते इतक्या वेळा दिलेलं आहे की देणाऱ्यालाही ते खरंच वाटतं.

हा आजार एखाद्या तापानं, विषाणूनंही होऊ शकतो, डॉक्टर म्हणाली. घरात कुणाला नाही म्हणताय, तर तसंही असेल. पण नात्यातलं लग्न आहे. पुढच्या मुलाचा विचार करायच्या आधी तुम्ही दोघांनी तपासणी करून घ्या. तिनं हे फाईलवर लिहून दिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. दोष तिला कुठंच लावता येत नाही. मी लावून बघितला.

औषधं मोठ्या माणसांच्या गोळ्यांचीच होती, कारण एवढ्याशा बाळासाठी वेगळी गोळी कुणी बनवत नाही. एक गोळी ब्लेडनं चार तुकडे करायची, तुकडा चमचाभर पाण्यात विरघळवायचा, त्यातलं मोजून सिरिंजमध्ये ओढायचं, बाकीचं ओतून द्यायचं. दिवसातून तीन वेळा. नवरा ते काम इतकं जपून करायचा की श्वास धरून ठेवायचा. तुकडा जरा मोठा पडला तर तो अख्खी गोळी टाकून देऊन नवी कापायचा. लग्नाआधी मी त्याला कधी एवढं गंभीर बघितलं नव्हतं, आणि तेव्हा मला तो फार आवडला.

सातव्या महिन्यात ती गेली. सकाळी नऊच्या सुमारास. यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही म्हणून नाही, लिहायचं नाही म्हणून.

आमच्याकडं जावळ काढायच्या आतलं मूल जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी तिथं जायचं नसतं. तिला माझ्या एका साडीत गुंडाळून मामा, नवरा आणि भावकीतले दोघं घेऊन गेले, आणि मी मामीच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. सुतक जेमतेम तीन दिवसांचं. तेरावं नाही, फोटोला हार नाही, मुळात भिंतीवर फोटोच लावायचा नाही. चौथ्या दिवशी आईनं माझं डोकं धुतलं आणि म्हणाली, "इसर आता. तिला धरायचं नसतंय." दूध अजून येत होतं. मोगऱ्याची फुलं बांधली की आटतं म्हणून मामीनं मोगरा आणला होता. मला त्या वासाचा अजून राग येतो.

पुढच्या संक्रांतीला हळदी-कुंकवाला गल्लीतली एक नवी सून आली. तिनं सहज विचारलं, "तुम्हाला किती मुलं?" माझ्या हातात वाण होतं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून आई म्हणाली, "आमच्या पोरीला अजून काय न्हाय." सहा महिने ज्या पोरीच्या तोंडाला तिनं काळी तीट लावली होती ती पोरगी तिनं एका वाक्यात पुसून टाकली, आणि मी गप्प बसले. त्या नव्या सुनेला तिळगूळ दिला. आईच्या खोट्याबद्दल पुढं मी खूप बोलणार आहे, म्हणून माझं हे इथंच लिहून ठेवते.

तपासणी आम्ही केली नाही. फाईल कपाटात होती, दोन रेघा ओढलेलं ते वाक्य त्यात होतं, आणि आम्ही दोघांनी ते वाचलेलं होतं. पण घरात कुणाला नाही ना, मग तापानंच झालं असणार. मामा तर ठामच होते. "डॉक्टर लोकं सांगत्यातच. आपल्यात न्हाय म्हटल्यावर कशाला रक्त काढून घ्यायचं?" वर्गात मी मुलांना सांगायचे की पुरावा असल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. माझ्या घराचा निष्कर्ष मात्र मी आईच्या तोंडी उत्तरावर काढला. मला मूल हवं होतं. ज्याला काही हवं असतं तो पुरावा फार तपासत बसत नाही.

मुलगा झाला. महिन्याचा असताना त्याच डॉक्टरकडं इको केला. सगळं नीट होतं, तरी दर दोन महिन्यांनी दाखवा म्हणाली. घरी येताना नवऱ्यानं रिक्षा थांबवून पेढे घेतले. पोरगा रडका होता. टाहो फोडायचा. तो रडला की घरातली सगळी माणसं खूश व्हायची, मामा तर बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "रड, रड लेका, जोरात रड." मी त्याच्या कपाळावरून दिवसातून दहा वेळा हात फिरवायचे. कपाळ कोरडं असायचं.

पाचव्या महिन्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. बावड्यात कारखाना सुरू झाला की मळीचा वास घरात येतो आणि उसाच्या ट्रॅक्टरमुळं रस्ता ओलांडता येत नाही. तसल्याच एका दुपारी पोरगा पीत होता, मी खिडकीतून रस्त्याकडं बघत होते आणि सवयीनं हात कपाळावर गेला. हात ओला झाला. मी हात बघितला, साडीला पुसला, परत लावला. परत ओला. मी कुणाला हाक मारली नाही. त्याचं पोट भरेपर्यंत तशीच बसून राहिले, कारण एकदा हाक मारली की ते सुरू होणार हे मला माहीत होतं.

त्या वेळी आम्ही दोघंच गेलो, आई-मामांना घेतलं नाही. इको झाला. डॉक्टर खुर्ची वळवायच्या आधीच मला कळलं, ती आधी रुमालानं चष्मा पुसत बसली होती. मग तिनं जुनी फाईल उघडून तो कागद बाहेर काढला, गोल, चौकोन आणि आमच्यामधल्या दोन रेघा. "मला परत एकदा विचारावं लागेल," ती म्हणाली. "मागच्या पिढीत..."

"तीन हायत," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडं बघत होता.

"शेतात. करंजाखाली. आमच्या पोरीला पुरताना आबांनी मला सांगिटलं."

आबा म्हणजे मामा, त्याचे वडील. मग त्यानं सगळं सांगितलं, दीड वर्षात पहिल्यांदा, आणि तेही डॉक्टरला, मला नाही. त्या दिवशी करंजाखालच्या मोकळ्या जागेच्या अगदी कडेपर्यंत ऊस आला होता. यानं कुदळ मारली तर मामा म्हणाले, "इथं नको, इथं हाय एक." हा सरकला. "तिथंबी हाय. त्याच्या अंगाला एक हाय. पलीकडं घे." पलीकडं उसाची बेटं होती. ती तोडून, मुळ्या खणून जागा करायला दोन तास गेले. एप्रिलचं ऊन. तेवढा वेळ पोरगी बांधावर, भावकीतल्या एकाच्या मांडीवर, छत्रीखाली. याला वाटलं, जुन्या काळी पोरं जायचीच, गोवर, देवी, काहीबाही. त्यात सांगण्यासारखं काय?

डॉक्टरचं पेन आई आणि मामांच्या आकारांशेजारी थांबलं. "मुलगे की मुली?" तिनं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी तिथूनच आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. कुठं आहे, कोण ऐकतंय, काही सांगितलं नाही. म्हटलं, "आई, तुझ्या पाठीवर किती झाली?"

तिकडून टीव्हीचा आवाज येत होता. मग तिनं तो बंद केला.

"तीन," ती म्हणाली. "आधी पोरगी. मग दोन पोरगं. पोरगी पाच म्हैन्यांची हुती. मधला आठ. ल्हाना दोन म्हैनंबी न्हाय." आणि मग, मी काही न विचारता, "दूध पिताना घाम यायचा. तिघांस्नीबी. मीच पुसायची कपाळ. आई रानात असायची."

डॉक्टरनं एक छोटा गोल काढला, दोन छोटे चौकोन काढले आणि तिन्हींवर तिरकी रेघ मारली. मग तिनं आमच्या मुलीचा गोल काळा केला. मुलाचा चौकोन तिनं लगेच काळा केला नाही, पेन टेकवून ठेवलं. ते मी करायला पाहिजे होतं, चार घरांतली फुली मारायची सवय मला होती.

त्या संध्याकाळी मी आईशी जेवढं भांडले तेवढं जन्मात कुणाशी भांडले नव्हते. मी तिला खोटारडी म्हटलं. तू तिचा घाम बघितलास, तुला तेव्हाच कळलं होतं, असं म्हटलं. ती पाटावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अगं, पण डॉक्टर बाईला मी भावंडं सांगिटली. ल्हानपणी गेलेली त्यात धरत न्हाईत. माझ्या आईला कुणी इचारलं तर ती दोनच सांगायची. मी काय खोटं बोलली?" आणि खरं सांगायचं तर ती खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबी ती दोघंच होती. तीन पोरांचं कपाळ आपल्या हातानं पुसून ती ज्या घरात वाढली, तिथं तिला हाच हिशेब शिकवला होता. दहा-बारा वर्षांची पोरगी, आणि तिला सांगितलेलं की रडायचं नाही, हे धरायचं नसतं. मला तिची दया आली. राग मात्र तेवढाच राहिला. दोन्ही एकदम मावतात, हे मला माहीत नव्हतं.

रक्त लांब पाठवलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले आणि त्यात फळ्यावरचाच चौकोन निघाला. हृदयाच्या स्नायूचा एक भाग कसा बांधायचा याची सूचना प्रत्येकाकडं दोन प्रतींत असते. माझी एक बिघडलेली, नवऱ्याची एक बिघडलेली, दुसरी चांगली असल्यामुळं आम्ही दोघं धडधाकट. आई आणि मामांच्या रक्तातून ती आमच्यापर्यंत आली होती. ती दोघं लग्नाला बाहेर गेली म्हणून त्यांच्या पोरांना काही झालं नाही, आणि आम्ही परत एकमेकांशी लग्न केलं म्हणून आमच्या पोरांना झालं. पुढच्या वेळी पोटात असतानाच तपासता येईल, डॉक्टर म्हणाली. मी तिला म्हटलं, पुढची वेळ नाही. हृदय बदलायचं काय, असं नवऱ्यानं विचारलं. तिनं लांबच्या शहराचं नाव सांगितलं, पण एवढ्या लहान बाळाला तेवढंच लहान हृदय लागतं, आणि ते ज्याचं असतं त्याचीही आई असते. यादीत नाव घातलं. फोन आला नाही. रिपोर्ट अगदी बरोबर होता, आणि त्याचा पोराला काडीचा उपयोग नव्हता.

परत ब्लेड, गोळी, सिरिंज. पोरगा या वेळी मोठा होत होता ही आणखी एक शिक्षा. तो बसायला लागला. 'मामा' म्हणायला लागला, म्हणजे आजोबांना, माझं ऐकून. रांगायला गेला की दमायचा, मग जिथं असेल तिथं गाल फरशीला लावून पडून राहायचा आणि आमच्याकडं बघून हसायचा. वाढदिवसाला त्याला फुगा हवा होता, फुगवता येईना, म्हणून त्यानं तो नुसता चावला.

श्रावणात आडसाली उसाची लागण होती. हा ऊस दीड वर्ष रानात असतो. पोरगा चौदा महिन्यांचा झाला होता. त्याला ट्रॅक्टर बघायचा होता म्हणून मी त्याला कडेवर घेऊन शेतात गेले. सऱ्यांना पाणी सोडलेलं, माणसं उसाच्या कांड्या टाकत पायानं चिखलात दाबत पुढं चाललेली. मी बांधानं चालत वरच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.

करंजाकडच्या दोन सऱ्या मोकळ्या होत्या. पाडलेल्या होत्या, पाणी होतं, पण कांडी एक नव्हती. माणसं ती लागण संपवून खाली उतरली होती. म्हणजे राहून गेल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या.

मामा माझ्या मागून आले. मी विचारलं, "ह्या का ठेवल्या?"

त्यांनी डोक्याची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मामा, ह्या दोन सऱ्या का ठेवल्या?"

"त्या टायमाला लई आबाळ झाली पोरीची," ते म्हणाले. "दोन तास उनात पडून हुती. उसाच्या मुळ्या निघंनात. परत तसं नको."

पोरगा माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडं झुकून "मामा, मामा" करत होता. मला वाटलं या माणसाला चिखलात ढकलून द्यावं. जो डॉक्टरला आमच्यात काही नाही म्हणाला, त्याच माणसानं माझ्या जिवंत पोराची जागा मोजून ठेवली होती. आणि ठेवली होती ती मायेनं, हेही मला दिसत होतं, त्यामुळं मला धड ओरडताही येईना. मी पोराला त्यांच्या कडेवर दिलं. बांधावर कांड्यांची मोळी उरली होती, ती उचलली, साडी खोचली आणि सरीत उतरले.

मी शेतातली कामं कधी केली नव्हती. कांड्या वाकड्या पडत होत्या, पाय रुतत होता. मी रडत होते आणि दाबत होते. पहिली सरी निम्मी झाल्यावर मामा बांधावरून म्हणाले, "डोळं बाजूला येऊ देत. वर न्हाय, खाली न्हाय. बाजूला." कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात. मी मागं गेले आणि पहिल्यापासून सगळ्या कांड्या सरळ केल्या. दोन्ही सऱ्या लावल्या. पोरगा त्यांच्या खांद्यावर झोपला होता, तोंड उघडं, धाप चालू.

ऊस उगवला. बाकीच्यापेक्षा जरा विरळ, पण उगवला. मी दर रविवारी पोराला घेऊन बघायला जायचे. त्याच्या गुडघ्याएवढा झाला, मग त्याच्याएवढा, मग माझ्याएवढा. मनात मी काही बोलले नव्हते, नवस नाही, पैज नाही. पण तो ऊस तुटायला जाईल त्या दिवशी पोरगा तिथं असला पाहिजे, एवढंच मला हवं होतं. ते झालं नाही. मार्चमध्ये, एकवीस महिन्यांचा असताना, तो गेला. आदल्या दिवशी संध्याकाळीच मामा विळा घेऊन शेतात गेले होते, आणि कुणी त्यांना कुठं चाललात असं विचारलं नाही.

या वेळी मीही गेले. भावकीतल्या एकानं बायकांनी यायचं नसतं म्हटल्यावर मामाच त्याला म्हणाले, "येऊ दे की तिला." करंजाकडची एकच सरी मोकळी केलेली होती. दुसरीतला ऊस उभा होता. खड्डा तयार होता, मुळ्या काढून कडेला रचलेल्या होत्या. पोराला क्षणभरही उन्हात ठेवावं लागलं नाही. एरवी घरात मामा त्याला जसा घ्यायचे तसाच घेतला, डोक्याखाली हात देऊन. मग मी त्यांना विचारलं की पोरगी नेमकी कुठं आहे, आणि त्यांनी दाखवलं. मग त्या तिघांच्या जागाही दाखवल्या, मी न विचारता, एकेक करून. आई बांधापर्यंत आली होती. ती तिथंच खाली बसली.

जूनपासून माझी बदली आमच्या संस्थेच्या गगनबावड्याच्या शाळेत झाली. मीच मागून घेतली. दहावी नको म्हटलं, पाचवी-सहावी द्या. रोज एसटीनं जाते-येते. तिथं पाऊस इतका की वर्गात माझाच आवाज मला ऐकू येत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत डबे उघडले होते. गणिताच्या एक बाई आहेत, बोलक्या, त्यांनी मला भाजी वाढत विचारलं, "मॅडम, मुलं किती तुम्हाला?"

"दोन," मी म्हटलं.

"व्हय? काय काय?"

"मोठी मुलगी, धाकटा मुलगा."

"छान की. केवढी हायत?"

"मोठी सात महिन्यांची. धाकटा एकवीस महिन्यांचा."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. मग त्या हसल्या. "उलटं सांगितलासा मॅडम."

"नाही," मी म्हटलं. "बरोबर सांगितलं. मोठी सातच महिन्यांची आहे."